रत्नागिरीच्या वेशीबाहेरचीं घरें आणि त्यांचा दलाल

ज्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटते, त्या जिल्ह्यांत नवीं घरें बांधून तीं विकण्याचा धंदा चालावा, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. २००१ सालच्या खानेसुमारींत रत्नागिरी जिल्ह्यांत सुमारें १६ लक्ष ९७ हजार माणसें होतीं. २०११ सालीं तीं १६ लक्ष १५ हजार भरलीं. महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत माणसांची भर पडत असतां मुंबई शहर, सिंधुदुर्ग व रत्नागिरी या तिहींत मात्र त्या दशकांत घट झाली. तरीही साळवी स्टॉप मागें टाकून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलें, कीं कुवारबाव, नाचणें, मिरजोळें, खेडशी या गांवांच्या हद्दींत नव्या इमारती दिसूं लागतात. जेथें पूर्वीं कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि गुरांच्या वाटा होत्या, तेथें आतां सदनिकांच्या जाहिरातींचे फलक उभे आहेत. हीं घरें घेतो कोण, आणि तीं विकून देणारा जो मध्यस्थ त्याचें नेमकें काम काय, याचा थोडा उलगडा येथें करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर शहराच्या रचनेंतच सांपडतें. जुनें रत्नागिरी समुद्र, खाडी व किल्ला यांच्या बेचक्यांत वसलेलें. त्याला पसरावयास जागा ती पूर्वेच्या सड्यावरच. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि रत्नागिरीचें स्थानक पडलें तें शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूस. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहत होतीच. जिल्ह्याचें ठिकाण असल्यामुळें कचेऱ्या, न्यायालयें, रुग्णालयें, महाविद्यालयें येथेंच. तेव्हां लांजा-राजापुराकडचा शिक्षक, खेडोपाडीं नोकरी केलेला ग्रामसेवक, मुलांच्या शिक्षणासाठीं गांव सोडणारें कुटुंब, मिरकरवाड्याच्या बंदरावर चार पैसे गांठीला बांधलेला मच्छीमार, आखाती देशांतून पैसे धाडणारा मुलगा, आणि मुंबईच्या दोन खोल्यांत जन्म काढून निवृत्तीनंतर कोंकणांत परतूं पाहणारा चाकरमानी, असें हें गिऱ्हाईक आहे. गांवांतलें घर बंद होतें आणि शहराच्या कडेला एक उघडतें. जिल्हा रिता होत असतां जिल्ह्याचें शहर पसरत जातें तें असें. यांतलीं पुष्कळशीं घरेंही वर्षांतले दहा महिने कुलुपांतच असतात, हा भाग निराळा.

या गिऱ्हाइकाची व घराची गांठ घालून देणारा तो दलाल. हा शब्द आज कोणाला आवडत नाहीं. फलकावर एजंट, सल्लागार अशीं नांवें झळकतात. कोंकणी माणसापुढें दलाल म्हटला, कीं आंब्याच्या पेट्या घेऊन मागाहून पट्टी पाठविणारा मुंबईचा अडत्या उभा राहतो, आणि त्या पट्टीविषयीं त्याच्या मनांत पिढ्यान्‌पिढ्यांचा संशय सांठलेला असतो. परंतु आंब्याच्या व घराच्या दलालींत एक मोठा भेद आहे. आंबा नासतो, म्हणून तो त्या दिवशीं मिळेल त्या भावानें जातोच. घर नासत नाहीं. विकणारा थांबूं शकतो, घेणारा थांबूं शकतो, आणि दोघेही थांबले म्हणजे मधला उपाशी राहतो. घरांच्या दलालाला पगार नसतो. व्यवहार पुरा झाला तर प्रत्येक बाजूकडून शेंकडा एक किंवा दोन, हा सर्वसाधारण रिवाज. व्यवहार मोडला तर सहा महिन्यांची पायपीट फुकट. बाजार डळमळीत झाला असतां हा मनुष्य कसा वागेल, हें बव्हंशीं या एका गोष्टीवरून ठरतें.

आणि डळमळण्यास निमित्तें कांहीं थोडीं झालीं नाहींत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. किंमतीचा कांहीं भाग रोखीनें देण्याची जी वाईट चाल होती, ती धरून ठरविलेले व्यवहार एका रात्रींत अडकले. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली. त्याच वर्षीं ३ जूनला निसर्ग नांवाच्या चक्रीवादळानें दापोली-मंडणगडकडील घरांचीं छपरें उडविलीं, व रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर एक जहाज येऊन रुतलें. पुढें शासनानें सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुद्रांक शुल्कांत ३ टक्क्यांची व मार्च २०२१ अखेर २ टक्क्यांची सूट दिली, तेव्हां अडून राहिलेले लोक राज्यभर नोंदणी कचेऱ्यांपुढें रांगा लावून उभे राहिले. आणि सवलत संपतांच पुन्हां सामसूम झाली. जुलै २०२१ मध्यें वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण बुडालें. त्यानंतर या जिल्ह्यांत घर पाहणारानें भिंतीवर पुराची खूण शोधली, तर त्यांत नवल नाहीं.

या सर्वांहून अधिक शांतपणें आणि अधिक खोल घाव घालणारी गोष्ट म्हणजे कर्जाचें व्याज. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर एप्रिल २०२२ मध्यें ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहांवर गेला, आणि २०२५ सालीं पुन्हां उतरूं लागला. हें आंकडे वर्तमानपत्रांत वाचून सामान्य माणसाला कांहीं बोध होत नाहीं. त्याला तें असें सांगावें लागतें: वीस लाखांचें कर्ज वीस वर्षांच्या मुदतीनें सात टक्क्यांनीं घेतलें तर महिन्याचा हप्ता सुमारें १५,५०० रुपये बसतो, तेंच नऊ टक्क्यांनीं घेतलें तर १८,००० च्या घरांत जातो. अडीच हजारांचा हा फरक म्हणजे लहान पगाराच्या घरांत महिन्याचा किराणा. घर तेंच, भिंती त्याच, किंमतही तीच; परंतु काल जें परवडत होतें तें आज परवडत नाहीं. बदलता दर असलेलें कर्ज आज स्वस्त वाटलें, तरी हप्ता दोन-अडीच हजारांनीं वाढल्यास पगार पुरेल कां, हा प्रश्न जो दलाल इसार घेण्यापूर्वीं विचारतो, तो आपल्या पोटावर पाय देऊन विचारतो, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

मग अफवा. कोंकणांत मोठ्या प्रकल्पाची वार्ता येते आणि जमिनीचे भाव बोलण्यांत चढूं लागतात. दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ सालीं सुरू झाला आणि २००१ सालीं बंद पडला. राजापूर तालुक्यांतील नाणारच्या परिसरांत तेलशुद्धीकरण कारखान्यासाठीं २०१७ सालीं जमिनीची अधिसूचना निघाली, २०१९ सालीं ती रद्द झाली. पुढें त्याच तालुक्यांतील बारसूचें नांव आलें, आणि २०२३ सालीं तेथील माती-परीक्षणाला लोकांनीं विरोध केला. कारखाना व्हावा कीं न व्हावा हा वाद येथें करावयाचा नाहीं. परंतु "आतां येथें प्रकल्प येणार, वर्षांत दाम दुप्पट" असें सांगून ज्यानें कोणाला घर घ्यावयास लावलें, त्यानें घर विकलें नाहीं. त्यानें सट्टा विकला. निवृत्तीची रक्कम हातीं असलेल्या माणसाला सट्टा परवडत नाहीं.

आतां भावाविषयीं. विकणारा जो भाव सांगतो तो बहुधा ऐकीव असतो. शेजारची सदनिका "पन्नासला गेली" असें कोणीं तरी सांगितलेलें असतें, आणि आपली तर तिच्याहून हवेशीर, म्हणून पंचावन्न. खरोखर ती केवढ्याला गेली हें नोंदलेल्या दस्तावरून कळतें. खरेदीखताचा गोषवारा सूची क्रमांक दोन या नांवानें नोंदणी खात्याकडे असतो, व तो पाहण्यास कोणालाही मज्जाव नाहीं. हातीं खुर्ची-टेबलाखेरीज भांडवल नसलेल्या दलालाचें खरें भांडवल हेंच कीं आपल्या दोन-तीन गांवांतल्या गेल्या दोन वर्षांतील झालेले व्यवहार त्याला पाठ असावेत. मागितलेले भाव पाठ असून कांहीं उपयोग नाहीं. सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, तो तर निराळ्याच कामाचा. मुद्रांक शुल्क कमींत कमी किती किंमतीवर आकारावें एवढेंच तो सांगतो. २०२३ व २०२४ सालीं त्यांत वाढ केली नाहीं, १ एप्रिल २०२५ पासून केली. परंतु तक्ता वाढला म्हणून गिऱ्हाइकाची ऐपत वाढत नाहीं.

विकणाराला खरा भाव सांगणें हें या धंद्यांतलें सर्वांत अवघड काम आहे. समजा, एका गृहस्थानें नाचण्यांतील आपली रिकामी सदनिका चाळीस लाखांस विकावयाचें मनांत धरलें आहे. सहा महिन्यांत तीन बोलणीं झालीं, आणि तिन्ही चौतीसच्या आसपास थांबलीं. गृहस्थ म्हणतो, थांबूं, घाई काय? येथें दलालानें कागद-पेन्सिल घ्यावी. चौतीस लाख आज घेऊन सात टक्के व्याजानें ठेवले तर वर्षाला २ लाख ३८ हजार, दोन वर्षांत ४ लाख ७६ हजार. म्हणजे आजचे चौतीस हे दोन वर्षांनंतरचे पावणेएकोणचाळीस झाले. त्यांतच बंद घराची घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि दोन पावसाळ्यांनंतरची डागडुजी धरा. दोन वर्षांनीं अगदीं चाळीस आले तरी त्या गृहस्थाला लाखभर रुपयेही अधिक मिळणार नाहींत. आणि न आले तर? हें गणित चौथी इयत्तेचें आहे. पण आपल्या घराच्या बाबतींत तें कोणी स्वतः होऊन मांडीत नाहीं. याच्या उलट, काम आपल्याकडे यावें म्हणून "बेचाळीस आणून देतों" असें सांगणारा दलालही असतोच. तो चार महिने कोणाला फिरकूं देत नाहीं, आणि मग हळूहळू बेचाळिसाचे छत्तीस, छत्तिसाचे तेहतीस करीत आणतो. तोंपर्यंत तें घर "पडून राहिलेलें" म्हणून गांवांत बदनाम झालेलें असतें.

परंतु भाव जमला म्हणजे घर विकलें असें नव्हे. कोंकणांतील जमिनीच्या कागदांची गुंतागुंत देशावरच्या माणसाला सांगून खरी वाटणार नाहीं. खोती, कुळें, वाटण्या आणि मुंबईला गेलेलीं माणसें यांच्या योगानें एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, चाळीस-चाळीस नांवें चढलेलीं असतात. १९४९ च्या कायद्यानें रत्नागिरींतील खोती संपली, कुळकायद्यानें कसणाराला हक्क मिळाला. त्या सर्व घडामोडींच्या खुणा फेरफारांच्या नोंदींत अजून वाचावयास मिळतात. आजोबांच्या नांवें असलेल्या जमिनीला पांच काका, त्यांचीं मुलें, एक दुबईला, एक ठाण्याला, एकाचा पत्ता नाहीं. त्यांत मुलींचा वाटा. २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबांतील मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो आणखी स्पष्ट केला. "बहिणींनीं कांहीं मागितलें नाहीं" हें भावांचें म्हणणें खरें असेलही. परंतु नोंदलेलें हक्कसोडपत्र नसेल तर घेणाराच्या दृष्टीनें तें म्हणणें शून्य आहे.

म्हणूनच रत्नागिरीच्या दलालाचें पंचांग इतरांहून वेगळें. पितृपक्षांत कोणी घर ठरवीत नाहीं, पाडव्याला व दसऱ्याला ठरवितात, हें तर सर्वत्र आहे. परंतु सर्व हिस्सेदार एका छपराखालीं सांपडावयाचे ते गणपतींत, शिमग्यांत किंवा मे महिन्यांत. जो दलाल श्रावणांतच सर्व नांवांची यादी, वारसांचीं नांवें आणि मसुदा तयार ठेवतो, त्याचें काम गौरी जेवण्याच्या आधीं होऊन जातें. जो ठेवीत नाहीं, त्याला पुढच्या होळीची वाट पाहावी लागते. गणपतीच्या आरतीनंतर हक्कसोडपत्राचें बोलणें काढणें कोणाला अप्रशस्त वाटेल. पण तें त्याच वेळीं निघतें, आणि कित्येक वर्षें न बोलणारे भाऊ त्या निमित्तानें एका चटईवर बसतात, हेंही तितकेंच खरें.

शिवाय जमीन बिनशेती झाली आहे कीं नाहीं, हा मूळ प्रश्न. शेतजमीन शेतकऱ्यावांचून दुसऱ्याला सहसा घेतां येत नाहीं. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याकडे डोळेझाक करून दोन-दोन, तीन-तीन गुंठे स्टँप-पेपरावर विकण्याचा उद्योग पुष्कळ ठिकाणीं झाला. २०२५ सालीं शासनानें शहरांलगतच्या निवासी भागांपुरते हे निर्बंध सैल करण्याचें धोरण स्वीकारलें, तरी मधल्या काळांत घेणारांनीं जो मनस्ताप सोसला तो कोणी भरून देत नाहीं. इमारत असेल तर तिला परवानगी कोणीं दिली, भोगवट्याचें प्रमाणपत्र मिळालें काय, जमीन सोसायटीच्या नांवें झाली काय, किनाऱ्याजवळ असेल तर सागरी नियमनाच्या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे, हें पाहणें आलें. तीस वर्षांच्या शोधाचा दाखला वकिलाकडून घ्यावयाचा असतो. दलाल हा वकील नव्हे. पण वकिलाकडे कधीं जावें हें त्याला कळलें पाहिजे, आणि तें इसार देण्यापूर्वीं, मागाहून नव्हे.

कागदांवर न लिहिलेल्याही गोष्टी आहेत, आणि स्थानिक दलालाची खरी किंमत तेथें कळते. मुंबईहून घर पाहावयास येणारा मनुष्य दिवाळींत किंवा नाताळांत येतो. त्या वेळीं सडा हिरवा असतो, विहिरींत पाणी हाताला लागेल इतकें वर असतें, भिंती वाळलेल्या असतात. रत्नागिरीला वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु जांभा दगड सच्छिद्र, त्यांतून पाणी झिरपून खालीं निघून जातें, आणि चैत्र-वैशाखांत सड्यावरच्या कित्येक विहिरी तळ दाखवितात. शहराला शीळ धरणाचें पाणी आहे. नगरपरिषदेची हद्द ओलांडली, कीं त्या त्या ग्रामपंचायतीची योजना, औद्योगिक वसाहतीचा नळ, स्वतःची विहीर, किंवा उन्हाळ्यांत दारीं येणारा टँकर. तेव्हां येथलें घर दोनदां पाहावें: वैशाखांत विहीर पाहावी, आषाढांत भिंत पाहावी. नैर्ऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर आडवा झोडपतो, तिच्या आंतल्या बाजूस ओल येते कीं नाहीं, हें आषाढावांचून कळत नाहीं. सपाट गच्ची बांधून तिच्यावर पुन्हां पत्र्याचें छप्पर घालणारीं घरें येथें जागोजाग दिसतात. परगांवचा मनुष्य त्यांना कुरूप म्हणतो. पण तें छप्पर नसेल तर तिसऱ्या पावसाळ्यांत वरच्या मजल्याचा मालक बादल्या मांडून बसतो.

या सर्व गोष्टी दलालाला माहीत असतात. प्रश्न असतो तो सांगाव्या कीं न सांगाव्या हा. तीस लाखांच्या घरावर शेंकडा दोन म्हणजे साठ हजार रुपये. चार महिन्यांत एकही व्यवहार झालेला नाहीं, मुलाची फी भरावयाची आहे, समोर घेणारा होकार देण्याच्या बेतांत आहे. आणि त्याच क्षणीं "एप्रिलनंतर येथें टँकर घ्यावा लागतो" एवढें एक वाक्य बोललें तर साठ हजार हातचे जातात. न बोललें तर? समोरच्यानें बेचाळीस वर्षें नोकरी करून मिळविलेली सारी पुंजी त्या घरांत घातलेली असते; तिच्यांतून त्याला दुसरें घर पुन्हां घेतां यावयाचें नसतें. मुंबईसारख्या शहरांत फसलेलें गिऱ्हाईक गर्दींत हरवून जातें. कुवारबावच्या नाक्यावर तें दर शनिवारीं भाजीला भेटतें. तें कांहीं बोलत नाहीं, पण त्याच्या भावकींतलें दुसरें गिऱ्हाईक मग त्या दलालाकडे येत नाहीं. चतुर दलाल पाण्याची गोष्ट स्वतःच आधीं सांगतो, आणि ती किंमतींत धरून घेतो: उन्हाळ्याच्या टँकरचा खर्च इतका, म्हणून किंमत इतकी कमी करा, असें विकणारालाच सुनावतो. अशानें मोडणारे व्यवहार थोडे मोडतात. पण मागाहून भांडणें निघत नाहींत.

कायदाही या धंद्याकडे पूर्वींसारखा कानाडोळा करीत नाहीं. स्थावर मिळकतींच्या नियमनाचा २०१६ चा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणें अंमलांत आला, आणि महाराष्ट्रांत त्यासाठीं महारेरा हें प्राधिकरण स्थापन झालें. नव्या प्रकल्पांतील घरें विकणाऱ्या दलालालाही आतां नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसतां विक्री केल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रकल्प नोंदलेला नसेल तर त्यानें तो विकावयाचा नाहीं, खोटीं आश्वासनें द्यावयाचीं नाहींत, हिशेबाच्या वह्या ठेवावयाच्या. २०२३ पासून महारेरानें दलालांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. पन्नाशी उलटलेल्या कित्येकांना पुन्हां बांकावर बसावें लागलें. बांधणाऱ्यानें गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतील ७० टक्के निराळ्या खात्यांत ठेवावयाचे, नोंदलेल्या कराराशिवाय किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यावयाची नाहीं, आणि क्षेत्र सांगावयाचें तें चटईचें, हे नियम घेणारानें स्वतः लक्षांत ठेवण्यासारखे आहेत.

परंतु या कायद्याची छत्री सगळ्यांवर नाहीं. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरांच्या आंत आहे, किंवा ज्यांत आठांहून अधिक सदनिका नाहींत, तो नोंदणींतून सुटतो. आणि शहराच्या कडेला असलीं लहान बांधकामें पुष्कळ असतात. जुन्या, एकदां राहून झालेल्या घराची पुनर्विक्री तर या कायद्याच्या कक्षेंत येतच नाहीं. स्थानिक दलालाचें पोट बव्हंशीं याच दोन प्रकारांवर चालतें. म्हणजे जेथें त्याचें खरें काम, तेथें परीक्षेचें प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलें असो वा नसो, घेणाराला आधार त्याच्या लौकिकाचा व आपल्या स्वतःच्या चौकशीचा.

मंदीच्या महिन्यांत हे लोक जगतात कसे, असें कोणी विचारील. बहुतेकांचें उत्तर एकच: भाड्यावर. बदलून आलेले बँकेचे व सरकारी नोकर, विद्यार्थी, औद्योगिक वसाहतींतले कामगार यांना खोल्या लागतात, मग बाजार कसाही असो. घर घेण्याचा निर्णय लांबणीवर टाकणाराही तोंवर भाड्यानेंच राहतो. हा प्रकार रत्नागिरीला फार जुना; ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला १८८६ सालीं येथें आणून ठेवलें, आणि १९१० सालीं त्याचा वाडा पुरा होईपर्यंत त्यालाही दुसऱ्यांच्या बंगल्यांत दिवस काढावे लागले. भाड्याच्या कामांत एक गैरसमज मात्र घट्ट रुतून बसला आहे. अकरा महिन्यांचा करार असला कीं नोंदणी लागत नाहीं, असें लोक समजतात. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें मुदत कितीही असली तरी असा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे.

आतां राहिला खरेदीखताचा दिवस. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत दोन्ही बाजू, साक्षीदार, अंगठे, छायाचित्रें. मुद्रांक शुल्क आधींच भरलेलें असतें. नोंदणी फी किंमतीच्या एक टक्का, पण ती ३०,००० रुपयांच्या वर जात नाहीं. एकट्या स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास एप्रिल २०२१ पासून शुल्कांत एक टक्क्याची सवलत मिळते, हें पुष्कळांना त्या टेबलापाशीं उभें राहिल्यावरच कळतें, आणि तोंवर कागद पतीच्या नांवें झालेला असतो. दलाली बहुधा याच दिवशीं हातीं पडते, आणि कित्येक दलाल येथेंच रजा घेतात. पण अजून सोसायटीच्या भागपत्रावर नांव चढावयाचें असतें, घरपट्टीला नांव लागावयाचें असतें, स्वतंत्र घर असल्यास सातबाऱ्याचा फेरफार व्हावयाचा असतो, विजेच्या मीटरवरचें नांव बदलावयाचें असतें. हीं कामें वेळच्या वेळीं झालीं नाहींत तर विजेचें बिल दहा-दहा वर्षें मागच्या मालकाच्या नांवें येत राहतें, आणि घर पुन्हां विकावयाची वेळ आली कीं कोणा नव्या दलालाला त्या मालकाचा डोंबिवलींतला नाहीं तर विरारमधला पत्ता शोधीत रात्रीच्या गाडीनें निघावें लागतें.